बोअरचे पाणी, हळदीचा कागद आणि चुन्याची पुडी

उन्हाळा लागला की गंगापूर तालुक्यातल्या वस्त्यांमधून एकच गाऱ्हाणे ऐकू येते. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. तुरीची डाळ तासभर चुलीवर ठेवली तरी टणकच राहते. नवा माठ दोन महिन्यांत बाहेरून पांढरा पडतो आणि पाणी गार करीनासा होतो. पाणी तापवायच्या भांड्याला आतून खपली धरते, ती तारेच्या घासणीनेही निघत नाही. आपल्या आया-बहिणी या सगळ्याला एकच शब्द वापरतात : पाणी 'जड' आहे. शब्द अगदी बरोबर आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला 'दुष्फेन पाणी' म्हणतात, पण आम्हांला घरातला शब्दच जास्त पटतो.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे. रसायनशास्त्र आमच्या वाट्याला शाळेत आले तेवढेच. परंतु वस्तीच्या पाण्यासाठी अर्ज लिहिता लिहिता आणि प्रयोगशाळेचे अहवाल लोकांना वाचून दाखविता दाखविता हा विषय आम्हांला शिकावा लागला. अहवालावर 'सामू', 'एकूण काठिण्य', 'अल्कता', 'नायट्रेट' असे शब्द असतात. ज्यांनी ते पाणी प्यायचे त्यांनाच ते कळत नाहीत. मग कोणी जाणता म्हणाला, "पाणी चांगलं आहे," की विषय संपतो. तो तसा संपू नये म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम हे पाहू की पाणी जड होते कसे. आपल्या तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे. कायगाव टोक्याला प्रवरा तिला मिळते. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा फुगवटा या बाजूला पसरलेला आहे. पण नदीकाठ सोडून लासूरकडे, वाळूजकडे सरकले की पायाखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वाहिलेल्या लाव्ह्याचा हा खडक आहे. आता पावसाचा थेंब घ्या. ढगातून निघालेले पाणी शुद्ध असते, पण खाली येता येता ते हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू थोडासा विरघळवून घेते. सोडावॉटरच्या बाटलीत जो वायू दाबून भरतात तोच हा. त्यामुळे पावसाचे पाणी किंचित आंबट असते, जिभेला कळणार नाही इतके किंचित. जमिनीत मुरले की पिकांच्या मुळांनी आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांनी सोडलेला हाच वायू त्याला आणखी मिळतो. हे सौम्य आम्ल काळ्या पाषाणाच्या फटींतून वर्षानुवर्षे झिरपते, त्याला कणाकणाने खाते आणि त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपल्याबरोबर घेते. खडकाला आपला आंबटपणा देऊन पाणी त्याच्याकडून चुना घेते, असे म्हणा ना. म्हणून वर निघणारे पाणी आंबट नसते, उलट थोडे आम्लारीकडे झुकलेले असते. सामान्यतः पाणी जितके खोल आणि खडकात जितके जास्त मुक्कामाला, तितके ते जड. नाथसागराचे पाणी उघड्यावरचे, पावसा-पुराचे, म्हणून ते त्यामानाने हलके.

साबणाचे काय होते? साबणाचे कण मळाला धरण्याआधी पाण्यातल्या कॅल्शियमला धरतात आणि त्याचा चिकट, न विरघळणारा साका होतो. बादलीच्या कडेला जी करडी रेघ धरते ती हीच. सगळ्या कॅल्शियमचा हिशेब चुकता झाला की मग उरलेल्या साबणाचा फेस होतो. म्हणजे जड पाणी असलेल्या घरात साबणाच्या वडीतला मोठा भाग कपड्यावर नव्हे, पाण्यावरच खर्च होतो. ज्याच्या घरी नळाला धरणाचे पाणी आहे त्याला हा खर्च नाही. गरिबाच्या किराणा यादीत हा एक न दिसणारा कर आहे. कपड्याच्या पावडरीचा फेस त्याच पाण्यात बरा येतो, कारण तिची घडण साबणापेक्षा वेगळी असते आणि कॅल्शियमशी तिचा साका होत नाही.

डाळीचे तसेच. दाण्यांच्या पेशींना चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. पाण्यातले कॅल्शियम त्याला आणखी घट्ट करते. चिमूटभर खायचा सोडा टाकला की डाळ लवकर शिजते, ही युक्ती आपल्या आज्यांना ठाऊक होती. ती शास्त्राला धरून आहे. मात्र सोड्याने डाळीतले ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून रोज रोज तसे करू नये. डाळ आधी भिजत घालावी, आणि धरणाचे हंडाभर पाणी मिळत असेल तर ते डाळीसाठी राखावे. माठावर फुटणारे पांढरे म्हणजे पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले क्षार. ते माठाची छिद्रे बुजवतात, मग पाणी पाझरत नाही, आणि पाझरल्याशिवाय गार होत नाही. भांड्यातली खपली म्हणजे चुनखडी. पाणी उकळले की त्यातला वायू निघून जातो आणि विरघळलेला चुना तळाशी बसतो. ही खपली घासू नका. लिंबाच्या सालीने चोळा किंवा चिंचेचे पाणी घालून रात्रभर ठेवा. बारीक बुडबुडे येतील आणि खपली सुटेल. खडकात पावसाने जे केले तेच इथे लिंबाने केले.

आता आम्ल आणि आम्लारी या दोन शब्दांकडे येऊ. लिंबू, चिंच, ताक, कैरी ही आम्ले. अंगाला चोळायचा साबण, धुण्याचा सोडा, पापडखार, चुना, चुलीतली राख या आम्लारी. आम्ल आंबट लागते. आम्लारी बोटांना बुळबुळीत लागते. पण चव घेऊन किंवा हात लावून ओळखण्याची ही गोष्ट नव्हे, कारण याच दोन घराण्यांतली मोठी माणसे फार रागीट आहेत. संडास धुण्याचे ॲसिड आणि गाडीच्या बॅटरीतले ॲसिड हेही आम्लच. कळीचा चुना ही आम्लारी. तेव्हा पारख करायला वेगळा साक्षीदार हवा, आणि तो आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे. पांढऱ्या सदऱ्यावर कालवणाचा पिवळा डाग पडला आणि त्यावर साबण लावला की डाग लालभडक होतो, पाण्याने धुतला की पुन्हा पिवळा. हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. हळदीचा रंग आम्लारी लागताच लाल होतो. हळदीत चुना कालवला की ती कुंकवासारखी लाल दिसते.

शाळेतल्या मुलामुलींसाठी एक प्रयोग सांगतो. वहीच्या कोऱ्या कागदाला हळदीचे पाणी लावून सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. एका पट्टीवर साबणाचे पाणी टाका, दुसरीवर लिंबाचा रस, तिसरीवर सोड्याचे पाणी, चौथीवर बोअरचे पाणी. साबणाची आणि धुण्याच्या सोड्याची पट्टी लालसर होईल. लिंबाची पिवळीच राहील. बोअरचे पाणी फारसे काही दाखवणार नाही, कारण त्याचा आम्लारीपणा सौम्य असतो आणि हळद तितकी नाजूक साक्षीदार नाही. जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस तिच्याहून बोलका आहे. त्यात लिंबू पिळले तर लाल-गुलाबी, चुन्याची निवळी टाकली तर हिरवट. एका फुलात शाळेतल्या लिटमस कागदाइतके काम होते.

किती आंबट आणि किती आम्लारी हे मोजण्यासाठी डेन्मार्कमधल्या सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली एक मोजपट्टी दिली. गंमत अशी की तो ज्या प्रयोगशाळेत काम करीत होता ती बिअर बनविणाऱ्या कारखान्याची होती. या मापाला मराठीत 'सामू' म्हणतात. शेतकरी बांधवांना माती परीक्षणाच्या कागदावरचा सामू माहीत असतोच. पट्टी साधारण ० ते १४ अशी आहे. मधला ७ म्हणजे ना आम्ल ना आम्लारी. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. लिंबाचा रस २ ते अडीचच्या आसपास, ताक ४ ते साडेचार, दूध साडेसहाच्या जरा वर, खायच्या सोड्याचे पाणी सव्वाआठ-साडेआठ, साबणाचे पाणी ९-१०, चुन्याची निवळी १२ च्या वर.

येथे आम्हां हिशेबाच्या माणसांना एक गोष्ट फार आवडली. ही पट्टी फूटपट्टीसारखी सरळ नाही. एक आकडा खाली उतरला की आम्लपणा दहापट होतो. दोन आकडे उतरले की शंभरपट. म्हणजे ५ सामूचे पाणी ७ च्या पाण्याहून शंभरपट आम्ल. ही पट्टी वाचताना शून्ये विसरू नयेत. आणि मोजायचे काय? शुद्ध पाण्यातसुद्धा काही रेणू फुटून त्यांचे दोन तुकडे झालेले असतात. एका तुकड्यामुळे आम्लपणा येतो, दुसऱ्यामुळे आम्लारीपणा. शुद्ध पाण्यात सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एकच रेणू असा फुटलेला असतो, आणि दोन्ही बाजू सारख्या असतात, अगदी जुळलेल्या ताळेबंदासारख्या. आम्ल मिसळले की एक बाजू वाढते, आम्लारी मिसळली की दुसरी. दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र आली की एकमेकांना खोडतात आणि मागे पाणी व क्षार उरतात.

ही रंग बदलण्याची विद्या शाळेच्या प्रयोगशाळेत राहिली असती तर कोणाचे काही बिघडले नसते. पण ती बुवाच्या हातात गेली. घरातले मूल आजारी पडते, नवऱ्याचे काम सुटते, आणि कोणीतरी सुचवितो की करणी झाली आहे. बुवा येतो, घराभोवती फिरतो, लिंबू मागतो, मंत्र पुटपुटतो, सुरीने लिंबू कापतो आणि त्यातून रक्त टपकते. बाया घाबरून रडू लागतात. मग उतारा, कोंबडे, नारळ आणि पैसे. वाचकहो, ती सुरी आधी जास्वंदीच्या फुलाने चोळून वाळवलेली असते. लिंबाचा आंबट रस लागताच तो वाळलेला रंग लाल होऊन थेंबाने गळतो. कोणी जास्वंदीऐवजी मिथिल ऑरेंज नावाचे रसायन लावतो, तेही आम्लात लाल होते. तीच गोष्ट अंगाऱ्याच्या चिमटीने पाणी लाल करण्याची. हळदीच्या पाण्यात चुना पडला, दुसरे काही नाही. बुवाला सांगा, "महाराज, लिंबू आमचे आणि सुरीही आमचीच, आम्ही आत्ता घासून आणतो." तेथे रक्त येणार नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे प्रयोग गावोगाव करून दाखवीत आले आहेत. त्या चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळविणे व लोकांना फसविणे हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत. घरातल्या वडीलधाऱ्यांशी या विषयावर वाद घालण्यापेक्षा त्यांच्यासमोर जास्वंद आणि लिंबू घेऊन बसावे. आमच्या अनुभवाने सांगतो, दहा भाषणांनी होत नाही ते त्या एका लाल थेंबाने होते.

पाणी 'बाटते' कशाने, हाही प्रश्न शेवटी रसायनाचाच आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्याच्या भूमीवर विचारला गेलेला आहे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळच्या प्रवासात दौलताबादचा किल्ला पाहायला आले. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने काठोकाठ भरलेले लहानसे टाके होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या या मंडळींनी तेथे हातपाय-तोंड धुतले. लगेच टाके बाटविल्याचा गिल्ला झाला आणि माणसे जमली. शेवटी किल्ला पाहू दिला तो बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, यांनी आत कोठे पाण्याला शिवू नये म्हणून. त्याआधी, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. आज कोणत्याही जिल्हा प्रयोगशाळेला दोन बाटल्या द्या. एकीत माणसाच्या ओंजळीचा स्पर्श झालेले तळ्याचे पाणी, दुसरीत ते 'शुद्ध' केलेले. पिण्यास अयोग्य कोणते ठरेल हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. शेणातून जंतू येतात, मूत्रातून अमोनिया आणि पुढे त्याचे नायट्रेट. सामू, काठिण्य, क्लोरीन यांच्या रकान्यांमध्ये जातीचा रकाना नाही.

रकान्यांचा विषय निघाला आहे तर अहवाल कसा वाचावा हे सांगतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक असे आहे : सामू साडेसहा ते साडेआठच्या मध्ये. एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे. एकूण काठिण्य २०० पर्यंत, नाइलाज असेल तर ६०० पर्यंत. मिलिग्रॅम या शब्दाने बिचकू नये. लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅम. काठिण्य ६०० असेल तर तुमच्या दोनशे लिटरच्या ड्रममध्ये चुनखडीच्या हिशेबाने १२० ग्रॅम ऐवज विरघळलेला आहे. असा गुणाकार केला की साबण का पुरत नाही ते कळते. एवढ्याने घाबरायचे मात्र कारण नाही. जड पाणी प्याल्याने मुतखडा होतोच, असे सिद्ध झालेले नाही. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाने पाणी कमी पिणे हे मुतखड्याचे मोठे कारण आहे.

नायट्रेटचा रकाना मात्र कधी सोडू नये. त्याची मर्यादा ४५ आहे आणि त्यात नाइलाजाची सवलत नाही. उकिरडा, शोषखड्डा, शेतातले युरिया खत यांतून ते विहिरीत-बोअरमध्ये उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वरच्या दुधावर असलेल्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात दूध कालवून दिले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळे पडते. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. आईचे दूध हाच तान्ह्या बाळाचा खरा बचाव. ज्या घरी ते शक्य नाही, त्यांनी बाळाच्या पाण्याचा अहवाल पाहिल्याशिवाय बोअरचे पाणी वापरू नये. जलजीवन मिशनमध्ये, २०१९ नंतर, गावातल्या महिलांना पाणी तपासण्याची छोटी पेटी देऊन शिकविण्याची तरतूद आहे. त्या पाच महिलांत आपल्या वस्तीची एखादी तरी मुलगी असावी, हे ग्रामसभेत उभे राहून मागावे.

आता ग्रामपंचायतीच्या टाकीतली टीसीएल पावडर. तिचे माप हजार लिटरला ५ ग्रॅम असे सांगतात. पावडर ताजी असेल तर तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, म्हणजे लिटरमागे सुमारे १.६५ मिलिग्रॅम. त्यातला बराचसा पाण्यातल्या घाणीवर खर्ची पडतो, आणि शेवटच्या घराच्या नळाला किमान ०.२ उरला पाहिजे. परंतु पोते उघडे ठेवले, ओल लागली, ऊन लागले की क्लोरीन उडून जातो. १५ टक्क्यांवर आलेली पावडर तेवढीच टाकली तर मात्रा निम्म्याहून कमी. हिशेबाच्या वहीत '५ ग्रॅम टाकले' असे खरेच लिहिलेले असते, आणि वस्तीत तरीही जुलाब लागतात.

यात सामूचा संबंध आहे तो फार थोड्यांना ठाऊक असतो. क्लोरीन पाण्यात गेला की त्याची दोन रूपे होतात. एक जंतू झपाट्याने मारणारे, दुसरे कितीतरी मंद. साडेसहा सामूच्या पाण्यात दहातले नऊ भाग पहिले रूप असते. साडेसातला निम्मे-निम्मे. साडेआठला दहातला जेमतेम एक. तेव्हा आपल्या बोअरच्या आम्लारी पाण्यात तेवढ्याच पावडरीला जास्त वेळ द्यावा लागतो. पावडर टाकल्यानंतर निदान अर्धा तास पाणी सोडू नये, असे जलसुरक्षकाला सांगतात ते उगीच नाही. नळाच्या पाण्यावर ओटी टेस्ट करून पिवळा रंग येतो का ते पाहायला आपणही उभे राहावे, आणि ती टेस्ट टाकीजवळच्या नळावर नव्हे, वस्तीच्या टोकाच्या नळावर करायला लावावी.

तुरटीचे उलटे आहे. तुरटी किंचित आम्ल. गढूळ पाण्यात फिरवली की पाण्यातल्या आम्लारी क्षारांशी तिचा संयोग होऊन चिकट कापसासारखे कण होतात आणि गाळाला घेऊन खाली बसतात. साबणाला मारणाऱ्या कॅल्शियमबरोबर जड पाण्यात जे आम्लारी क्षार असतात, ते तुरटीला कामाला लावतात. पण तुरटीने जंतू मरत नाहीत. निवळलेले पाणी दिसते स्वच्छ, म्हणून कोणी ते तसेच पितो. त्याला क्लोरीन किंवा उकळी लागतेच.

अलीकडे वस्त्यांत आणखी एक धंदा शिरला आहे : 'अल्कलाइन' पाण्याचा. हजारो रुपयांची यंत्रे हप्त्याने देतात, आणि हे पाणी प्याले की रक्तातली ॲसिडिटी जाते, साखर जाते, कॅन्सरसुद्धा जातो असे सांगतात. आपल्या जठरातल्या रसाचा सामू दीड ते साडेतीन असतो, म्हणजे कोणतेही आम्लारी पाणी तेथे पोचले की खोडले जाते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात फुप्फुसे आणि मूत्रपिंडे दिवसरात्र राखतात. पाण्याच्या पेल्याने तो हलत नाही, आणि हलला तर माणूस दवाखान्यात असतो. शिवाय आपले बोअरचे पाणी मुळातच थोडे आम्लारी आहे. ते फुकट मिळत असताना कोणी विकत का घ्यावे? आर.ओ. यंत्राची गोष्ट वेगळी. क्षार किंवा नायट्रेट खरोखर जास्त असेल तर त्याचा उपयोग आहे. परंतु घरातले यंत्र एका लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया घालवते. ते पाणी ओतून देऊ नये, फरशीला, संडासाला वापरावे.

शेवटी कामाच्या ठिकाणची गोष्ट, जी आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. वाळूजची औद्योगिक वसाहत आपल्याच तालुक्यात आहे आणि आपली शेकडो मुले तेथे ठेकेदाराकडे रोजंदारीवर जातात. धातूवरचा गंज काढण्याच्या, मुलामा देण्याच्या कामात ॲसिडच्या टाक्या असतात. आम्ल पातळ करायचे असेल तर पाण्यात आम्ल हळूहळू सोडावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये, ते उसळून तोंडावर येते. अंगावर उडाले तर कपडे तत्काळ काढून वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरावे. आम्लाला आम्लारी खोडते हे वर आम्हीच सांगितले, पण कातडीवर तो प्रयोग करू नये. सोडा, चुना, हळद, टूथपेस्ट यांतले काहीही चोळू नये. खोडताना उष्णता निघते आणि जखम वाढते. पाणी, भरपूर पाणी, आणि मग दवाखाना. पोटात गेले असेल तर उलटी करवू नये.

संडास-मोऱ्या धुणाऱ्या भगिनींसाठी एक वेगळी सूचना. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकाच वेळी वापरू नका. फरशी लवकर पांढरी होते म्हणून मालकीण सांगेल, तरी नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो फुप्फुसे जाळतो. खोकला आला, डोळे चुरचुरले तर काम टाकून आधी मोकळ्या हवेत यावे. मालकिणीच्या बोलण्याचे नंतर पाहता येईल.

आणि आम्लारीला साधी समजू नका. बांधकामावरचा ओला सिमेंटचा माल १२-१३ सामूचा असतो. घमेली वाहणाऱ्या बायांच्या बोटांच्या बेचक्यांत, पायांच्या घोट्यांवर ज्या जखमा पडतात त्या नुसत्या खरचटण्याच्या नव्हेत, आम्लारीच्या भाजण्याच्या आहेत. रबरी हातमोजे आणि बूट मागणे हा हक्क आहे. चुन्याची कोरडी भुकटी अंगावर पडली तर आधी कोरड्या फडक्याने झटकून टाकावी, मग पाणी ओतावे. आम्लाने भाजलेले बहुतेक वेळा वरवर थांबते, आम्लारी मात्र आत आत खात जाते. डोळ्यात तर फारच. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची छोटी पुडी किंवा नळी घराघरात कोनाड्यात पडलेली असते. मुले ती खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. नेत्र रुग्णालयांत अशी मुले येतात, आणि काहींची दृष्टी जाते. असे झाले तर एक क्षण न दवडता पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार अर्धा तास डोळ्यात सोडावी. बोअरचे जड पाणी असले तरी चालेल. धार चालू असतानाच रिक्षा बोलवायला दुसऱ्याला पाठवावे, आणि वाटेतही बाटलीने पाणी सोडत राहावे. तूप, मध, दूध असले काही घालू नये. आणि ती पुडी आजच, हा अंक हातातून खाली ठेवल्यावर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी उचलून ठेवावी.